सौजन्यमूर्ती बाळासाहेब खेर

इ. स. १९३८ च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट आहे. कोकणातील हजारो शेतकरी मुंबईस जमले होते. कोणी बोटीने आले होते, कोणी पायी. रत्नागिरी, कुलाबा व ठाणे या जिल्ह्यांतील ही कुळे. कमरेला लंगोटी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी असा बहुतेकांचा वेष. मिरवणुकीने ते मुंबईच्या कौन्सिल हॉलकडे निघाले. तेथे प्रांताच्या विधानसभेचे कामकाज चाले. मिरवणुकीचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि मागणी एकच होती : कोकणातील खोती पद्धत नष्ट व्हावी.

या शेतकऱ्यांच्या शिष्टमंडळाला त्या दिवशी सामोरे गेले ते मुंबई प्रांताच्या लोकनियुक्त सरकारचे प्रमुख, बाळ गंगाधर खेर. अधिकारावर येऊन त्यांना अद्याप सहा महिनेही झाले नव्हते. त्यांनी शिष्टमंडळाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले; परंतु त्या दिवशी शेतकऱ्यांच्या पदरात ठोस असे काहीच पडले नाही. आलेली कुळे आपापल्या गावी परतली. मोर्चा ज्या जिल्ह्याचे गाऱ्हाणे घेऊन आला होता, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात खेरांचा जन्म झालेला होता.

बाळासाहेब खेर यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे एका मध्यम स्थितीच्या कुटुंबात झाला. बालपणाची काही वर्षे मात्र घाटावर, पार दक्षिणेकडे, कुंदगोळ या गावी गेली. धारवाडजवळचे हे गाव तेव्हा जमखंडी संस्थानात होते. गावची भाषा कानडी, संस्थानिक मराठी आणि सर्वांवर सत्ता इंग्रजांची, असा तो मामला होता. एका प्रांतात किती प्रकारची माणसे नांदतात याचा पहिला पाठ बाळला येथेच मिळाला असला पाहिजे. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले. टिळक, आगरकर, चिपळूणकर यांच्या परिश्रमांनी उभी राहिलेली ही शाळा. पुण्याहून ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गेले व १९०८ साली पहिल्या वर्गात बी. ए. झाले. संस्कृतातील प्रावीण्याबद्दल त्यांना भाऊ दाजी पारितोषिक मिळाले. संस्कृताची ही गोडी त्यांना जन्मभर पुरली.

पदवीनंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. याच सुमारास त्यांना एक निराळेच काम लाभले. मुंबई उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती, सर फ्रँक बीमन, यांची दृष्टी अधू झाली होती. दाव्यांचे कागद, साक्षीपुरावे, कायद्याचे ग्रंथ हे सारे त्यांना कोणी तरी वाचून दाखवावे लागे. ते काम तरुण खेरांकडे आले. न्यायमूर्तींचे चिटणीस व वाचक म्हणून ते त्यांच्याजवळ राहिले. दुसऱ्याला समजेल असे, न कंटाळता, एकही शब्द न गाळता वाचावयाचे. आणि वाचीत असता आपले मत मध्ये आणावयाचे नाही, ही शिस्त साधी नव्हे. पुढे विधानसभेत विरोधकांची लांबलचक भाषणे ते ज्या शांतपणे ऐकत, तिचे मूळ या कामात शोधले तर ते फारसे चुकणार नाही.

१९१८ साली त्यांनी सॉलिसिटरचा व्यवसाय सुरू केला. ‘मणिलाल खेर आणि कंपनी’ हे त्यांच्या पेढीचे नाव. एक भागीदार गुजराती, एक मराठी. मुंबई शहराचा स्वभावच तसा आहे. सॉलिसिटराचा धंदा पैसा देणारा आणि प्रतिष्ठेचा होता. पेढी चांगली चालली. एखादा मनुष्य या स्थितीत सुखाने आयुष्य घालवू शकला असता.

परंतु देशातील वारे बदलले होते. १९२० साली लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि महात्मा गांधींच्या असहकारितेने सारा देश ढवळून निघाला. १९२२ च्या सुमारास बाळासाहेब राजकारणात उतरले. देशबंधू दास व मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष स्थापन केला, तेव्हा त्याच्या मुंबई शाखेचे ते चिटणीस झाले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाने कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. कायद्याचा धंदा करणारा हा गृहस्थ कायदा मोडून तुरुंगात गेला. आठ महिन्यांची सक्तमजुरी व दंड अशी शिक्षा त्यांना झाली. १९३२ साली पुन्हा अटक झाली. या वेळी शिक्षा दोन वर्षांची होती. पेढीचे कामकाज, घरची माणसे, चांगली चाललेली वकिली हे सर्व मागे राहिले. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही.

येथे त्या काळच्या राज्यव्यवस्थेविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजांच्या पार्लमेंटने १९३५ साली हिंदुस्थानसाठी एक नवा कायदा केला. या कायद्याने प्रांतांच्या कारभारात लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांना बरेच अधिकार मिळाले. मतदानाचा हक्क मात्र सर्वांना नव्हता. जमीन, घर, कर, शिक्षण अशा अटी होत्या व त्यांमुळे बहुसंख्य गरीब लोक मतदानाबाहेरच राहिले. शिवाय मंत्र्यांच्या डोक्यावर गव्हर्नर होता आणि विशेष प्रसंगी मंत्र्यांचा सल्ला बाजूस सारण्याची सत्ता त्याला होती. त्या काळचा मुंबई प्रांत आजच्या महाराष्ट्राहून फार वेगळा होता. विदर्भ व मराठवाडा त्यात नव्हते. उलट अहमदाबाद, सुरत, भडोच हे गुजरातेतील जिल्हे आणि धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे कर्नाटकातील जिल्हे त्यात होते. सिंध १९३६ सालीच वेगळा झाला होता. मराठी, गुजराती आणि कानडी बोलणारे लोक एका सभागृहात बसून एका प्रांताचा कारभार पाहणार होते.

१९३७ च्या प्रारंभी निवडणुका झाल्या. विधानसभेच्या १७५ जागा होत्या. काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. आता नेता कोणाला करावयाचे, हा प्रश्न आला. मुंबई शहरात वीर नरिमन यांचे नाव फार मोठे होते व तेच नेते होतील असे अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात काँग्रेसच्या आमदारांनी बाळासाहेब खेरांची निवड केली. नरिमन यांना हे लागले. सरदार वल्लभभाई पटेल यांनी आपल्याविरुद्ध वजन खर्चिले, असा त्यांचा आरोप होता. हा वाद पुष्कळ गाजला. त्याची चौकशीही झाली व आरोप सिद्ध झाला नाही. तरी त्या वादाची कडू चव मुंबईत बरीच वर्षे राहिली. खेरांनी स्वतः नेतेपदासाठी धडपड केल्याचे मात्र त्यांच्या विरोधकांनीही म्हटले नाही.

निवडणूक होऊनही काँग्रेसने लगेच अधिकार घेतला नाही. गव्हर्नर आपले विशेष अधिकार रोजच्या कारभारात वापरणार नाहीत, अशी खात्री तिला हवी होती. मधल्या काळात, १ एप्रिल १९३७ पासून, सर धनजीशहा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ कसेबसे चालले. अखेर जुलैमध्ये मार्ग निघाला आणि १९ जुलै १९३७ रोजी खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. त्या काळी प्रांताच्या प्रमुखालाही प्राइम मिनिस्टर, म्हणजे पंतप्रधान, असेच म्हणत. क्रमाने पाहिले तर कूपर हे या पदावरील पहिले; परंतु सभागृहाच्या पाठिंब्याने राज्य करणारे पहिले नेते म्हणजे खेरच.

मंत्रिमंडळ लहान होते. गृहखाते कन्हैयालाल मुनशी यांच्याकडे, महसूल मोरारजी देसाई यांच्याकडे, अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे, आरोग्य व अबकारी डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. सभागृहाचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे होते. तेच पुढे स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. शिक्षणखाते खेरांनी स्वतःकडे ठेवले. काँग्रेसच्या ठरावाप्रमाणे मंत्र्यांनी दरमहा पाचशे रुपयेच वेतन घ्यावयाचे होते. इंग्रजी अंमलात वरिष्ठ अधिकाऱ्यांना हजारो रुपये पगार असत. मंत्र्यापेक्षा त्याच्या हाताखालील चिटणिसाचे वेतन कितीतरी अधिक, असा चमत्कार तेव्हा सचिवालयात पाहावयास मिळे.

अधिकारावर येताच नव्या सरकारने तुरुंगातील राजबंद्यांची सुटका हाती घेतली. कायदेभंगाच्या काळात सारा भरण्याचे नाकारल्याबद्दल गुजरातेतील ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या होत्या, त्या त्यांना परत मिळाव्यात म्हणून १९३८ मध्ये कायदा केला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी सवलतीचे कायदे झाले. हरिजनांना देवळात जाऊ देऊ इच्छिणाऱ्या विश्वस्तांची अडचण दूर करणारा कायदा १९३८ साली झाला. तो अर्थातच अपुरा होता, कारण विश्वस्तांची इच्छा नसेल तेथे देऊळ बंदच राही.

शिक्षणमंत्री म्हणून बाळासाहेबांचे मन विशेष रमले. वर्धा येथे गांधीजींनी मांडलेल्या मूलोद्योग शिक्षणाचे प्रयोग प्रांतातील शाळांतून सुरू झाले. मुलाने सूत काढावे, बागेत काम करावे आणि त्यातूनच गणित व भूगोल शिकावा, अशी ती कल्पना होती. प्रौढ निरक्षरांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. गिरणीतून दमून आलेला कामगार पाटी घेऊन बसे आणि आपले नाव लिहावयास शिके. शाळांतून शारीरिक शिक्षण देणारे शिक्षक तयार व्हावेत म्हणून १९३८ साली कांदिवली येथे सरकारी संस्था स्थापन झाली. आज शाळांच्या वेळापत्रकात खेळाचा तास आपण गृहीत धरतो. त्या काळी बहुतेक शाळांना तो ठाऊकच नव्हता.

या सगळ्या कामात यश सारखे आले नाही. १९३८ साली सरकारने औद्योगिक कलहांविषयी एक विधेयक आणले. तडजोडीचे सर्व मार्ग संपल्याखेरीज कामगारांनी संप करू नये, असा त्याचा आशय होता. कामगारांचा एकमेव आधार जो संप, तोच हे विधेयक हिरावून घेत आहे, असे डॉ. आंबेडकर व इतर कामगार पुढाऱ्यांचे म्हणणे पडले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. दंगल उसळली व पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक मंजूर झाले; पण कालपर्यंत इंग्रजांच्या लाठ्या सोसणाऱ्यांच्या राज्यात कामगारांवर गोळी चालावी, ही गोष्ट पुष्कळांच्या मनाला टोचली. बाळासाहेबांसारख्या मृदू स्वभावाच्या मनुष्याला ती टोचली नसेल असे म्हणवत नाही. परंतु सरकारचा प्रमुख या नात्याने तिची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि चरित्र सांगताना ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जारी झाली. सरकारी तिजोरीत येणारा मोठा पैसा बंद झाला आणि त्याची भरपाई करण्यासाठी नवे कर बसवावे लागले. दारूच्या धंद्यात असलेले लोक, त्यांत कित्येक पारशी कुटुंबे, संतापली. दारूबंदीचे खाते सांभाळणारे डॉ. गिल्डर स्वतःच पारशी होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वजनांचा रोष पत्करून त्यांनी ते काम केले.

मात्र या सर्वांपेक्षा एका लहानशा नेमणुकीने बाळासाहेबांच्या पुढील आयुष्याला वळण दिले. डोंगरी मुलुखात राहणाऱ्या आदिवासींची स्थिती तपासण्यासाठी सरकारने डी. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक केली. ठाणे, खानदेश येथील रानावनांतून हिंडून त्याने जे पाहिले ते मन विषण्ण करणारे होते. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई. त्या कर्जाच्या फेडीसाठी तो आणि त्याची बायको सावकाराच्या शेतावर राबत. हिशेब लिहिणारा सावकारच. कर्जदाराला अक्षरओळख नाही. वर्षांमागून वर्षे जात, कर्ज फिटत नसे. अशा माणसांना लग्नगडी असे नाव होते. मुंबईच्या झगमगाटापासून शंभर मैलांच्या आत गुलामीचा हा प्रकार चालू होता. १९३९ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावर कृती करावयास मात्र सरकारला उसंतच मिळाली नाही.

कारण सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातील लोकांना वा त्यांच्या प्रतिनिधींना न विचारता व्हाइसरॉयने हा देश युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. ज्या लोकांनी आपल्याला निवडून दिले त्यांना न विचारता त्यांचा देश युद्धात लोटला गेला, तर लोकनियुक्त सरकार म्हणविण्यात अर्थ काय उरला, असा प्रश्न काँग्रेससमोर उभा राहिला. तिने प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यावेत असे ठरविले. ऑक्टोबरअखेर खेरांनी विधानसभेत युद्धविषयक ठराव मांडला. चर्चा कसून झाली, डॉ. आंबेडकरांनीही तीत भाग घेतला. नोव्हेंबरच्या आरंभी बाळासाहेबांनी गव्हर्नरकडे मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला.

हा प्रसंग वाटतो तितका सोपा नव्हता. दोन वर्षे आणि साडेतीन महिने झाले होते. कुळांना संरक्षण देणारा कायदा नुकताच तयार झाला होता, शाळांचे प्रयोग अर्धवट होते, आदिवासींचा अहवाल मेजावर पडला होता. खुर्ची सोडली म्हणजे हे सारे गव्हर्नरच्या हाती जाणार, हे उघड होते. तसेच झाले. पुढील सहा वर्षांहून अधिक काळ मुंबई प्रांतात विधानसभेला जबाबदार असे सरकार नव्हते. राजीनामा देणे योग्य होते की राहून काम करणे, याविषयी आजही अभ्यासकांत दोन मते आहेत. बाळासाहेबांनी पक्षाचा आदेश मानला आणि सरकारी बंगला सोडला.

मेजावर राहिलेला तो अहवाल मात्र त्यांच्या मनातून गेला नाही. सरकारी अधिकाराने जे करता आले नाही ते अधिकाराविना करावे, असे त्यांनी ठरविले. १९४० साली आदिवासी सेवा मंडळाची स्थापना झाली व बाळासाहेब तिचे अध्यक्ष झाले. ठक्करबाप्पांची प्रेरणा आणि बोर्डीच्या आचार्य भिसे यांच्यासारख्यांचे श्रम या कामामागे होते. डहाणू, तलासरीच्या भागात शाळा व वसतिगृहे निघाली. ज्या मुलांनी पाटी पाहिली नव्हती ती मुले रांगेत बसून मुळाक्षरे गिरवू लागली.

त्याच वर्षी वैयक्तिक सत्याग्रहात बाळासाहेबांना पुन्हा अटक झाली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये छोडो भारत आंदोलन सुरू होताच ते परत गजाआड गेले व १९४४ च्या जुलैमध्ये सुटले. तोवर त्यांनी वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती.

युद्ध संपले. निवडणुका झाल्या आणि ३० मार्च १९४६ रोजी बाळासाहेब दुसऱ्यांदा प्रांताचे प्रमुख झाले. या वेळी गृह व महसूल मोरारजी देसाई यांच्याकडे आणि अर्थखाते सहकाराचे व्यासंगी वैकुंठलाल मेहता यांच्याकडे आले. पहिल्या खेपेस गव्हर्नरची छाया होती. या खेपेस संकटांचीच गर्दी झाली. धान्याची टंचाई होती, रेशनच्या दुकानांपुढे रांगा होत्या. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि फाळणीही झाली. सिंधमधून घरदार गमावलेली लाखो माणसे मुंबईच्या धक्क्यावर उतरली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची सोय करण्यात आली. तेथेच पुढे उल्हासनगर वसले.

डहाणूकडील प्रश्नही नव्या रूपाने समोर आला. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली लोक १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध उठले होते. वारल्यांच्या कल्याणासाठी झटणाऱ्या संस्थेचा अध्यक्षच आता सरकारचा प्रमुख होता. तरी त्याच्या सरकारने ही चळवळ पोलिसी बळाने आवरण्याचा प्रयत्न केला व परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. सेवेने हळूहळू सुधारणा होते, अशी बाळासाहेबांची श्रद्धा होती. राबणाऱ्या वारल्याला तेवढा धीर नव्हता, आणि त्याला दोष कोण देणार?

मार्च १९४८ मध्ये दक्षिणेकडील मराठी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यांत जमखंडी होते आणि जमखंडीबरोबर कुंदगोळही आले. ज्या गावी बाळ खेळला, ते गाव आता त्याच्या सरकारच्या कारभाराखाली आले. पुढल्या वर्षी कोल्हापूर व बडोदे हीही संस्थाने प्रांतात आली. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेबांच्या पदाचे नाव मुख्यमंत्री असे रूढ झाले.

या काळातील कायद्यांची यादी लांब आहे. त्यांतील थोड्यांचाच उल्लेख येथे पुरे. १९४७ मध्ये हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क कायद्याने मिळाला. आता विश्वस्तांच्या इच्छेचा प्रश्न राहिला नाही. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा झाला. १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्या शेतकऱ्याच्या हक्काला अधिक बळकटी आली.

आणि खोती? कोकणात खोत हा गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मक्तेदार असे. गावची जमीन कुळे कसत. पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या घरी जाई. त्याशिवाय वेठ असे, म्हणजे खोताच्या शेतावर व घरी मोलावाचून राबणे. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी ही पद्धत मोडण्यासाठी विधानसभेत विधेयक मांडले होते. खेर सरकारने ते पुढे नेले नाही. त्यानंतरच कोकणातील कुळे जानेवारीत मुंबईस चालून आली. कुलाबा जिल्ह्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी तर नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून पाच-सहा वर्षे जमिनी पड टाकल्या, उपास काढले, पण खोतापुढे मान तुकविली नाही. या सर्वांच्या हट्टाला अखेर फळ आले. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला व १९५० मध्ये अमलात आला. तो करणाऱ्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेरच होते. मधे बारा वर्षे गेली होती. डॉ. आंबेडकर तेव्हा दिल्लीस स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री होते. शिष्टमंडळाला त्या दिवशी न मिळालेले उत्तर इतक्या उशिरा, पण त्याच माणसाच्या कारकिर्दीत मिळाले. उशीर का झाला, असे कोकणातील कुळाने विचारले असते तर बाळासाहेबांना सोपे उत्तर देता आले नसते.

शिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांचे एक काम आजही डोळ्यांनी पाहता येते. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे दीर्घकाळ प्रांतातील एकमेव शिक्षणपीठ होते. धारवाडच्या विद्यार्थ्यालाही परीक्षेची पदवी मुंबईचीच आणि सुरतेच्याही. बाळासाहेबांच्या कारकिर्दीत १९४९ च्या सुमारास पुणे, गुजरात, कर्नाटक व बडोदे येथील विद्यापीठे उभी राहिली. पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ साली झाला व बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाला जागा कोठे द्यावयाची, हा प्रश्न होता. गणेशखिंडीत गव्हर्नरचा प्रशस्त बंगला होता. भोवती बागा, उंच मनोरा, मोठाले दिवाणखाने. इंग्रज गव्हर्नर पावसाळ्यात तेथे मुक्कामास येत. तो बंगला विद्यापीठाला मिळाला आणि बाळासाहेबांच्या प्रयत्नांनी भोवतालची चारशे एकरांहून अधिक जमीनही मिळाली. ज्या फाटकातून पूर्वी साहेबांच्या बग्ग्या आत जात, त्यातून सायकलीवर बसलेली खेड्यापाड्यांतील मुले जाऊ लागली.

एप्रिल १९५२ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर बाळासाहेबांनी मुख्यमंत्रिपद मोरारजी देसाई यांच्याकडे सोपविले. त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या सरकारने त्यांना भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला पाठविले. कृष्ण मेनन यांच्यानंतर ते तेथे गेले. ज्या राज्यकर्त्यांनी त्यांना चार वेळा तुरुंगात धाडले होते, त्यांच्याच राजधानीत स्वतंत्र देशाचा प्रतिनिधी म्हणून ते दोन वर्षे राहिले. १९५४ साली भारत सरकारने पद्मविभूषण हा किताब प्रथमच दिला. त्या पहिल्या मानकऱ्यांत शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, चित्रकार नंदलाल बोस, डॉ. झाकिर हुसेन यांच्याबरोबर बाळासाहेब खेर यांचे नाव होते.

विश्रांती तरीही मिळाली नाही. १९५५ मध्ये राष्ट्रपतींनी राजभाषा आयोग नेमला व त्याचे अध्यक्षपद बाळासाहेबांना दिले. केंद्र सरकारचा कारभार इंग्रजीऐवजी हिंदीतून कधी व कसा चालावा, न्यायालयांनी कोणती भाषा वापरावी, परीक्षा कोणत्या भाषेत घ्याव्यात, असे नाजूक प्रश्न आयोगापुढे होते. दक्षिणेकडील व बंगालमधील लोकांना हिंदी आपल्यावर लादली जाईल असे भय वाटत होते. उत्तरेकडील कित्येकांना विलंबच सहन होत नव्हता. आयोगातच मतभेद झाले आणि काही सभासदांनी आपली भिन्न मते वेगळी नोंदविली. कुंदगोळला कानडी ऐकत वाढलेला, संस्कृताचा व्यासंगी, मराठी घरचा व गुजराती भागीदाराबरोबर धंदा केलेला हा वृद्ध गृहस्थ दोन्हीकडचे म्हणणे ऐकत बसला असेल, तेव्हा बीमनसाहेबांच्या चेंबरमधील दिवस त्याला आठवले असतील काय? अहवाल १९५६ साली सादर झाला.

८ मार्च १९५७ रोजी पुणे येथे बाळासाहेबांचे निधन झाले. त्यांनी चालविलेला त्रिभाषी प्रांत तोवर बदलू लागला होता. १९५६ साली कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि त्यांबरोबर कुंदगोळही गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. मुंबईत वांद्र्याच्या पूर्वेस खेरवाडी नावाची वस्ती आहे आणि मलबार टेकडीवर एका रस्त्याला बाळ गंगाधर खेर यांचे नाव आहे.